गुण कोणी दिले, कशाचे दिले, किती दिले?

खेळांच्या निकालाचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात निकाल मैदानावर सर्वांच्या देखत घडतो, तर दुसऱ्या प्रकारात तो पंचांच्या मनात ठरतो आणि नंतर कागदावरून वाचून दाखवला जातो. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या तालुक्यांत ज्या खेळावर लोकांचा जीव आहे ती कबड्डी पहिल्या प्रकारातील होय. चढाईत किती गडी बाद झाले, बोनस रेषा ओलांडली तेव्हा समोर किमान सहा बचावपटू होते की नव्हते, पकड होण्यापूर्वी मध्यरेषेला हात लागला की नाही, यावर तावातावाने वाद होतात; परंतु वाद नेमका कोणत्या गुणाचा आहे हे पंचांना, खेळाडूंना आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते, आणि गुणलेखकाच्या तक्त्यावर प्रत्येक गुणाची नोंद सापडते. जिम्नॅस्टिक्स, मल्लखांब, योगासने, सूर मारून पाण्यात उडी घेण्याच्या स्पर्धा, बर्फावरील फिगर स्केटिंग आणि अलीकडे जगभर वाढलेले स्पर्धात्मक चिअरलीडिंग हे मात्र दुसऱ्या प्रकारातील खेळ आहेत. शाळांच्या लेझीम स्पर्धा, समूहनृत्ये, भजन स्पर्धा, रांगोळी आणि गणेशोत्सवातील देखावे यांचे निकालही याच पद्धतीने लागतात. या सर्वांच्या पत्रकांवर एक वाक्य हमखास छापलेले असते, ते म्हणजे ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’. निर्णय अंतिम असणे योग्यच आहे, कारण त्याशिवाय कोणतीही स्पर्धा संपणार नाही. परंतु अंतिम असणे आणि अंधारात असणे यांत महदंतर आहे, आणि ते विसरले गेल्यामुळे अनेक होतकरू मुलांना आपण नेमके कोठे कमी पडलो हे कधीच कळत नाही.

चिअरलीडिंग हे नाव भारतीय वाचकाला बहुधा २००८ साली सुरू झालेल्या आयपीएल क्रिकेटमधील सीमारेषेजवळच्या नाचामुळे परिचित आहे. स्पर्धात्मक चिअरलीडिंग ही त्याहून फार निराळी आणि अंगमेहनतीची गोष्ट आहे. तिचा उगम अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १८९८ साली, फुटबॉलच्या सामन्यात प्रेक्षकांकडून एका सुरात घोषणा म्हणवून घेण्याच्या प्रथेत सापडतो. पुढे त्यात कसरती, मनोरे आणि नृत्य यांची भर पडत गेली आणि त्याचा स्वतंत्र खेळ झाला. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेला २०१६ मध्ये तात्पुरती आणि २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली. सुमारे अडीच मिनिटांच्या सादरीकरणात एका खेळाडूला इतरांनी हातांवर तोलून धरणे, तिला हवेत उंच फेकून झेलणे, मानवी मनोरे रचणे, कोलांट्या आणि उड्या मारणे, व या सर्वांची नृत्याशी सांगड घालणे असे सारे काही असते. गोविंदांनी रचलेले थर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या खेळातील धोका आणि परस्परविश्वास वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

या खेळात गुण देताना साधारणपणे दोन प्रश्न विचारले जातात. केलेली कसरत किती अवघड होती, हा पहिला प्रश्न. त्याला काठिण्य म्हणता येईल. ती किती नेटकी झाली, हा दुसरा. त्याला सफाई म्हणता येईल. त्यानंतर तोल जाणे, पडणे, नियमबाह्य कसरत करणे यांसाठी वजावट केली जाते, आणि ती पाहण्यासाठी बहुधा स्वतंत्र पंच असतात. काठिण्याचे गुण पुष्कळदा टप्प्यांनी ठरतात, म्हणजे संघातील बहुसंख्य खेळाडूंनी अमुक पातळीची कसरत केली तर गुण या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत, आणि त्या दोन आकड्यांमधील नेमकी जागा ठरवण्याचे काम पंचाचे. येथेच खरी अडचण सुरू होते. टप्पा छापील असतो, पण टप्प्यातील जागा पंचाच्या नजरेवर अवलंबून असते. आणि स्पर्धेत पहिल्या दोन संघांमधील अंतर बहुधा त्या जागेइतकेच, म्हणजे दशांश-शतांशांचे असते. बऱ्याच ठिकाणी प्रशिक्षकाच्या हाती तपशीलवार गुणपत्रिका दिली जाते, परंतु प्रेक्षकांना, पालकांना आणि प्रत्यक्ष खेळाडूंना मात्र एकूण बेरजेवर समाधान मानावे लागते. चिअरलीडिंगमधील गुणदान अधिक उघड असावे, ही मागणी या परिस्थितीतून येते.

या मागणीवर नेहमी एक आक्षेप घेतला जातो, तो असा की कला आणि सौंदर्य मोजता येत नाही, म्हणून त्याचे स्पष्टीकरणही मागू नये. हा आक्षेप दिसतो तितका भक्कम नाही, आणि त्याचे उत्तर पेणमध्येच सापडते. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या जवळच्या गावांतील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत एकाच साच्यातून निघालेल्या दोन मूर्ती रंगवून झाल्या की एक जिवंत वाटते आणि दुसरी वाटत नाही. हा फरक मोजपट्टीने सांगता येत नाही, तरीही जाणता कारागीर बोट ठेवून सांगतो की या मूर्तीची डोळ्यांची आखणी एका बाजूला झुकली आहे, भुवईची रेघ मध्येच जाड झाली आहे, सोंडेवरील छटा एकदम तुटली आहे. त्याचा निर्णय नजरेचा असतो, पण त्या नजरेला कारणे असतात आणि ती शिकाऊ मुलाला समजतील अशा शब्दांत सांगता येतात. किंबहुना ती सांगितली जातात म्हणूनच पेणमध्ये पिढ्यान्‌पिढ्या नवे कारागीर तयार झाले. पंचाचे कामही याच जातीचे आहे. ज्याला आपण दिलेल्या गुणाचे कारण सांगता येत नाही, त्याची नजर अजून पुरती तयार झालेली नाही असेच म्हणावे लागते.

महाराष्ट्रात अशा गुणदानाची सर्वांत जुनी आणि सर्वांत घरची परंपरा मल्लखांबाची आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येला नवे रूप दिले असे परंपरा मानते. विसाव्या शतकात तिला स्पर्धेचे रूप आले, २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्क येथे पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली, २०२२ साली पंचकुला येथील खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धेत आणि त्याच वर्षी गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मल्लखांबाला स्थान मिळाले, आणि या खेळाचे ज्येष्ठ प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मल्लखांबपटू सलामी, अढी, बगली, दसरंग, फरारे, सुईदोरा अशा पकडी आणि उड्या गुंफून ठरलेल्या वेळेत एक संच सादर करतो. पंच पाहतात ते असे : घटक किती अवघड होते, ते किती सफाईने झाले, एका घटकातून दुसऱ्यात जाताना ओघ राहिला की थांबला, संचात स्वतःची काही कल्पना होती की पाठ केलेलाच क्रम होता, आणि शेवटची उतरती उडी स्थिर पायांवर आली की नाही. या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर निराळे असू शकते. एखादी मुलगी अवघड घटकांत पुढे आणि सफाईत मागे असेल, दुसरी त्याच्या उलट असेल, आणि दोघींची बेरीज सारखीच येईल. केवळ बेरीज सांगितली तर दोघींनाही एकच धडा मिळतो, वस्तुतः दोघींना लागणारे धडे एकमेकींच्या अगदी विरुद्ध असतात. प्रशिक्षकाने पुढचे सहा महिने काय करून घ्यावे हे त्या चार-पाच आकड्यांत लिहिलेले असते, आणि तेच आकडे फाईलमध्ये बंद होतात.

आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्सने हे गणित २००६ पासून उघडे केले. त्यापूर्वी दहापैकी गुण असत, आणि १९७६ साली मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये रुमानियाच्या नादिया कोमानेचीला पूर्ण दहा मिळाल्याची कथा सर्वश्रुत आहे. अथेन्समध्ये २००४ साली दक्षिण कोरियाच्या यांग ताए-यंग या खेळाडूच्या समांतर दांड्यांवरील संचाचे आरंभमूल्य, म्हणजे तो निर्दोष झाला तर मिळू शकणारे कमाल गुण, दहाऐवजी ९.९ धरले गेले. त्या एक दशांशामुळे सर्वंकष प्रकारातील सुवर्णपदक त्याच्या हातून गेले. पुढे तीन पंच निलंबित झाले, तरी निकाल बदलला नाही. या प्रकरणानंतर काठिण्य आणि सफाई यांचे गुण स्वतंत्र मंडळांनी द्यावेत, ते स्वतंत्रपणे फलकावर दिसावेत आणि दोहोंची बेरीज हा अंतिम गुण असावा, अशी रचना आली. सफाईचे गुण देणाऱ्या पंचांपैकी सर्वांत उदार आणि सर्वांत कडक यांचे आकडे वगळून उरलेल्यांची सरासरी घेतली जाते.

या फोडीने सामान्य प्रेक्षकाला काय मिळते, हे दीपा कर्माकरच्या उदाहरणावरून दिसते. रिओ ऑलिम्पिकमध्ये १४ ऑगस्ट २०१६ रोजी व्हॉल्टच्या अंतिम फेरीत त्रिपुराची ही खेळाडू १५.०६६ गुणांसह चौथी आली आणि कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकले. एवढेच कळले असते तर देशाने हळहळून विषय सोडला असता, किंवा पंचांवर संशय घेतला असता. पण फोड उपलब्ध होती. तिची पहिली उडी काठिण्य ६.० आणि सफाई ८.८६६ अशी १४.८६६ गुणांची होती, तर दुसरी, जगात मोजक्याच स्त्रियांनी केलेली प्रोदुनोव्हा, काठिण्य ७.० आणि सफाई ८.२६६ अशी १५.२६६ गुणांची. अवघड उडीत तिने पूर्ण एक गुण अधिकचा कमावला आणि उतरताना ती फार खोल बसल्यामुळे त्यातील सहा दशांश परत गेले, हे शाळेतील मुलालाही वजाबाकी करून कळू शकते. पराभवाची कारणे अशी समोर आली की त्यातून शिकण्याजोगे काहीतरी हाती लागते, आणि पंचांवरचा विश्वासही टिकतो.

उघडेपणाचा दुसरा, अधिक नाजूक भाग पंचांच्या नावांचा आहे. फिगर स्केटिंगमध्ये २००२ सालच्या सॉल्ट लेक सिटी येथील हिवाळी ऑलिम्पिकमध्ये जोडी प्रकारात नऊपैकी पाच पंचांनी रशियाच्या आणि चौघांनी कॅनडाच्या जोडीला पहिले ठरवले. फ्रान्सच्या पंच बाईंवर आपल्याच देशाच्या संघटनेकडून दबाव आल्याचे पुढे आले, आणि अखेर कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावे लागले. यानंतर गुणदानाची पद्धत आमूलाग्र बदलली, प्रत्येक उडीचे आणि गिरकीचे मूल्य छापले जाऊ लागले. मात्र त्याबरोबर एक विचित्र पाऊलही उचलले गेले. कोणत्या पंचाने कोणते गुण दिले हे लपवण्यात आले. हेतू चांगला होता, कारण गुण गुप्त राहिले तर पंचाला त्याची संघटना जाब विचारू शकणार नाही आणि तो निर्भयपणे गुण देईल, असा विचार त्यामागे होता. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजचे अर्थशास्त्रज्ञ एरिक झिट्झेविट्झ यांनी या बदलापूर्वीच्या आणि नंतरच्या गुणांची तुलना केली, तेव्हा स्वदेशी पंच मंडळात असण्याचा खेळाडूला होणारा फायदा कमी न होता उलट थोडा वाढल्याचे त्यांना आढळले. पडद्याआड पंच निर्भय झाला खरा, पण पक्षपात करण्यासही तो तितकाच निर्भय झाला. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने २०१६ साली ही गुप्तता रद्द केली, आणि तेव्हापासून प्रत्येक गुणाशी पंचाचे नाव पुन्हा जोडले गेले. गुप्ततेचा प्रयोग एवढ्या मोठ्या पातळीवर, एवढी वर्षे करून पाहिला गेला आणि तो फसला, ही गोष्ट गावपातळीवरील आयोजकांनीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मानवी मनोऱ्यांच्या बाबतीत गुणदानाचे एक वेगळेच उदाहरण स्पेनमधील कातालोनिया प्रांतात आढळते. तेथील मनोऱ्यांच्या परंपरेला २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले असून तारागोना शहरात दर दोन वर्षांनी त्यांची मोठी स्पर्धा होते. या स्पर्धेत प्रत्येक प्रकारच्या मनोऱ्याचे, म्हणजे किती थर आणि प्रत्येक थरात किती माणसे याचे, मूल्य आधीच तक्त्यात छापलेले असते. आणि त्याच मनोऱ्याला दोन निराळी मूल्ये असतात, केवळ रचून झाल्याबद्दल एक आणि रचून पुन्हा सुखरूप उतरवल्याबद्दल त्याहून अधिक असे दुसरे. नियमातील हे एक वाक्य सुरक्षिततेची किती काळजी घेते पाहा. आपल्याकडे दहीहंडीत थरांची संख्या आणि एक्का वर उभा राहून सलामी दिली की नाही, हेच बहुधा पाहिले जाते. उंची आणि लहान मुलांचा सहभाग यांवरून २०१४ पासून मुंबई उच्च न्यायालयात वाद झाले, २०१७ मध्ये न्यायालयाने उंचीवरील बंधन काढले आणि १४ वर्षांखालील मुलांना भाग घेण्यास मनाई कायम राहिली. राज्य शासनाने २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला आणि २०२३ पासून मुंबईत प्रो गोविंदा ही स्पर्धा भरते. थर सुखरूप उतरवण्याला स्वतंत्र गुण देण्याची प्रथा प्रत्येक गावच्या हंडीत यावी, असे येथे आवर्जून म्हणावेसे वाटते. गुणपत्रिका काय मोजते ते उघड असले की ती काय मोजत नाही हेही उघड होते, आणि सुधारणा तेथूनच सुरू होतात.

आता गुणांच्या बेरजेकडे वळले पाहिजे, कारण अन्यायाचा बराचसा भाग कोणाच्याही वाईट हेतूशिवाय, निव्वळ अंकगणितातून घडतो. समजा, एखाद्या आंतरशालेय लेझीम स्पर्धेत पेणचा एक आणि रोह्याचा एक असे दोन संघ अखेरपर्यंत टिकले आहेत आणि तीन परीक्षक प्रत्येकी शंभरपैकी गुण देत आहेत. पहिल्याने पेणला ८० आणि रोह्याला ७८ दिले, दुसऱ्याने पेणला ८१ आणि रोह्याला ७९, तर तिसऱ्याने पेणला ७० आणि रोह्याला ९०. बेरीज पेणची २३१ आणि रोह्याची २४७ होते, म्हणजे रोहा सोळा गुणांनी जिंकते. वास्तविक तिघांपैकी दोघांच्या मते पेणचा संघ सरस होता. तिसरा परीक्षक अप्रामाणिक असेलच असे नाही. कदाचित त्याला गुणांत मोठे अंतर ठेवण्याची सवय असेल, आणि बाकी दोघे जपून, सत्तर-ऐंशीच्या घरातच फिरणारे असतील. परंतु परिणाम असा होतो की ज्याचा हात सैल त्याच्याच हाती निकाल जातो आणि उरलेल्या दोघांचे बसणे निरर्थक ठरते. याच स्पर्धेत तिन्ही गुणांतील मधला आकडा घेण्याचा नियम असता, तर पेणला ८० आणि रोह्याला ७९ मिळून निकाल उलटा लागला असता. कोणता नियम चांगला याविषयी मतभेद असू शकतील, पण तो स्पर्धेपूर्वी ठरलेला आणि छापलेला असावा याविषयी असू नयेत. शिवाय तिन्ही परीक्षकांचे आकडे वेगवेगळे लावले गेले तरच तो तिसरा स्तंभ कोणाच्या डोळ्यांत भरेल. बेरजेत तो विरघळून जातो.

क्रमाचाही प्रश्न आहे. ब्रुसेल्समधील क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेत वादकांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, तरीही उशिरा वाजवणाऱ्यांचे क्रमांक सरासरीने वरचे लागतात, असे तिच्या निकालांच्या अभ्यासातून दिसून आले आहे. पहिल्या सादरीकरणाच्या वेळी परीक्षक हात राखून गुण देतात, कारण पुढे काय येणार हे त्यांना माहीत नसते. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या समूहनृत्य स्पर्धेतही हे घडणे स्वाभाविक आहे, आणि प्रत्येक सादरीकरणाचे गुण लगेच जाहीर होत असतील तर परीक्षकाला आपला हात कोठे घसरतो आहे ते स्वतःलाच दिसते.

या प्रश्नाला निव्वळ हौसेच्या पलीकडचे महत्त्व आहे. शालेय क्रीडा स्पर्धांची साखळी तालुक्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून विभागात आणि विभागातून राज्यात जाते. पेण किंवा रोह्याचा विद्यार्थी अलिबागच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या कक्षेत खेळतो आणि पुढे मुंबई विभागात मुंबई-ठाण्याच्या मुलांसमोर उभा राहतो. वरच्या पातळीवरील सहभागावर आणि क्रमांकावर दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुण अवलंबून असतात, आणि राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ज्या कागदावर मुलाच्या पुढील आयुष्याचा एक भाग ठरतो, तो कागद त्याला पाहता येऊ नये, हे कोणत्या न्यायात बसते? उत्तरपत्रिकांच्या बाबतीत देशाने हा प्रश्न कधीच सोडवला आहे. माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा २००५ साली आला, आणि केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंडोपाध्याय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निर्णय दिला की परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार आहे. त्याच निर्णयात, परीक्षकाला त्रास होऊ नये म्हणून त्याची ओळख उघड न करण्याची मुभाही मान्य झाली. खेळात हा दुसरा भाग तंतोतंत लागू पडत नाही, कारण पंच सर्वांसमोर खुर्चीत बसलेला असतो आणि त्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून सन्मानाने घेतले जाते. पण पहिला भाग पूर्णपणे लागू पडतो.

लहान गावांतील आयोजकांची भीती मात्र समजून घेतली पाहिजे. पेण-रोह्यासारख्या ठिकाणी परीक्षक अनोळखी नसतो. तो कोणाचा शिक्षक, कोणाचा शेजारी, कोणाच्या आतेभावाचा मित्र असतो, आणि निकालानंतर दुसऱ्याच दिवशी त्याला बाजारात पराभूत संघाच्या पालकांची गाठ पडते. गुणपत्रिकेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला तर मानधनही न घेता चार तास बसलेल्या त्या गृहस्थाला पुढच्या वर्षी कोण बोलावील आणि तो तरी कशाला येईल, ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय गुप्ततेचा नसून हरकतींना शिस्त लावण्याचा आहे. जिम्नॅस्टिक्समध्ये काठिण्याच्या गुणांवर हरकत घेता येते, सफाईच्या गुणांवर घेता येत नाही. ती ठरलेल्या वेळेतच घ्यावी लागते, तिच्यासाठी फी भरावी लागते आणि हरकत मान्य झाली तर फी परत मिळते. वेळेचे बंधन किती कठोर असू शकते हे पॅरिसमध्ये २०२४ साली दिसले, तेव्हा अमेरिकेच्या जॉर्डन चाइल्सचे गुण हरकतीनंतर १३.६६६ वरून १३.७६६ झाले आणि तिला कांस्यपदक मिळाले. पण ती हरकत एका मिनिटाच्या मुदतीनंतर चार सेकंदांनी आली होती असे क्रीडा लवादाने ठरवल्यावर पदक १३.७०० गुण मिळवणाऱ्या रुमानियाच्या आना बार्बोसूकडे गेले, आणि पुढे प्रकरण स्वित्झर्लंडच्या न्यायालयापर्यंत पोहोचले. नियम इतका काटेकोर असावा की नाही यावर दोन मते संभवतात, परंतु हे सारे प्रकरण जगाला आकड्यांनिशी समजले, ही गोष्ट लहान नाही. गावच्या स्पर्धेत एवढेच पुरेसे आहे की मोजता येण्याजोग्या बाबींवर, म्हणजे वेळ, खेळाडूंची संख्या, पडणे, बेरजेतील चूक यांवर, संघप्रमुखाने पंधरा मिनिटांत लेखी हरकत घ्यावी, आणि परीक्षकाच्या रसिकतेवर कोणीही घेऊ नये.

परीक्षकाचे हितसंबंध आधी जाहीर होणेही तितकेच आवश्यक आहे. ज्याचे विद्यार्थी स्पर्धेत उतरले आहेत त्याने त्या संघाचे गुण देऊ नयेत, आणि तसे त्याने स्वतःच सांगावे. यात त्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेतली जात नाही, उलट त्याचे संरक्षण होते. ज्याच्या गुणांची फोड भिंतीवर लागली आहे त्या परीक्षकाविषयी कुजबुज करण्यास फारशी जागा उरत नाही. कुजबुज वाढते ती कागद दडवला गेला की.

शासनाने या दिशेने एक पाऊल टाकले आहे. उत्कृष्ट सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांसाठी राज्य शासन २०२२ पासून जी स्पर्धा घेते, तिच्या शासन निर्णयात पर्यावरणपूरक मूर्ती, सजावट, ध्वनिप्रदूषणमुक्त वातावरण, सामाजिक उपक्रम अशा बाबींना गुण वाटून दिलेले असतात, त्यामुळे आपण कशावर तोलले जाणार हे मंडळाला आधीच कळते. याच्या पुढचे पाऊल असे की निकालाबरोबर प्रत्येक मंडळाला त्याची स्वतःची फोड मिळावी. यासाठी संगणक लागत नाही, निधी लागत नाही. जिम्नॅस्टिक्सच्या जागतिक स्पर्धांत २०१९ पासून पंचांच्या मदतीला त्रिमितीय छायाचित्रण आणि संगणक आले आहेत, पण तालुक्याच्या स्पर्धेला एक छापील तक्ता, कार्बन पेपर आणि सूचनाफलक एवढे पुरे होते.

तेव्हा भोगावतीच्या आणि कुंडलिकेच्या काठी यंदा ज्या शाळा, क्रीडा मंडळे आणि गणेशोत्सव मंडळे स्पर्धा भरवतील त्यांना एवढीच विनंती आहे की निकष आणि बेरजेचा नियम त्यांनी प्रवेशपत्रिकेच्या पाठीवरच छापावा, प्रत्येक परीक्षकाचे गुण बाबवार आणि नावानिशी मंडपाच्या दाराशी लावावेत, आणि प्रत्येक संघाला त्याच्या गुणपत्रिकेची प्रत प्रमाणपत्राबरोबरच हातात द्यावी. पालकांनीही ती घेऊन परीक्षकाच्या घरी न जाता मुलांच्या प्रशिक्षकाकडे जावे.